दुसऱ्याच्या भिंतीवरची सुभद्रा

तिकडे अमेरिकेत माणसं आपसांत लढू लागली, इकडे वऱ्हाडाच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला आणि अकोल्याच्या खुशालरावांना आपल्या वारलेल्या बायकोचं विलायती धर्तीचं चित्र हवंसं वाटू लागलं.

अमरावतीचा नत्थुजी चितारी कापूसखरेदीला आलेल्या एका साहेबाचे कुंचले धुता धुता तेलरंग शिकला होता. मेणबत्तीच्या उजेडातली रात्र त्याच्याइतकी कुणाला साधत नसे.

"बाई दिसत कशा होत्या?" त्याने विचारलं.

खुशालरावांनी बराच विचार केला. "गोरी होती. नाक सरळ होतं."

बारा वर्षांच्या संसारातून एवढं लक्षात राहिलं, हेही पुष्कळच.

मग नत्थुजीने आपल्याच बायकोला, सुभद्राला, समोर बसवलं. भर दुपारी दाराला गोणपाट लावून अंधार करायचा आणि तिच्या हाती मेणबत्ती द्यायची.

"दुपारी मेनबत्ती घेऊन बसनारी येडी मी एकलीच," ती म्हणे. "अन् टांगनार कुठी, तं परक्याच्या घरात!"

"गप बस. हनुवटी हालून राहिली."

जवसाच्या तेलातला रंग लवकर वाळत नाही. बाजारात कापूस उडत होता. त्यातला एक तंतू चित्रातल्या ओल्या गालावर बसला आणि तिथेच वाळला. चित्र अकोल्याला गेलं. उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि सुभद्रा गेली.

नत्थुजीने तिचं चित्र काढायला घेतलं. ज्योत झकास जमली. पदराची सावली, बोटांच्या कडांतून झिरपणारा तांबूस उजेड, सगळं आलं. चेहरा तेवढा येईना. आजवर त्याने उजेड कुठे पडतो ते पाहिलं होतं. ती कशी दिसते ते पाहायला पुढे जन्म पडला होता.

चार फळ्यांवरची चित्रं खरवडून झाल्यावर त्याने ठरवलं: गालावरचा तंतू काढतो म्हणून चित्र घरी आणायचं, आणि नक्कल उतरेपर्यंत परत द्यायचं नाही.

तो अकोल्याला पोचला ती नेमकी अविधवा नवमी, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा दिवस. चित्रासमोर पान वाढलेलं, नवं लुगडं ठेवलेलं, काचेवर ताजं कुंकू. खुशालराव हात जोडून उभे.

"हुबेहूब उतरवली हो नत्थुजी! हनुवटीवरचा तीळ तं मीच भुललो होतो."

नत्थुजीने मान हलवली. तीळ सुभद्राचा होता.

खुशालराव पाहुण्यांकडे वळले तशी त्यांची म्हातारी आई, गोदाबाई, जवळ आली.

"कावून रडून राहिला रे?"

"डोयात कापूस गेला, माय."

"भादव्यात कापूस?" म्हातारीने चित्राकडे पाहिलं. "हे आमची दुर्गा नोहे. माह्या सुनेले मी वळखत नाही का? कोन होय हे?"

"माही सुभद्रा."

"आहे?"

"नाही. म्हनून हे न्याले आलो."

"नेऊ नको बापा. माहं पोरगं इच्यासंग बोलल्याबिगर जेवत नाही."

"अन् मी?"

गोदाबाईंनी चित्रासमोरच्या पानाशेजारी आणखी एक पान मांडलं आणि त्याला बसवलं. खीर वाढली. सुभद्राच्या श्राद्धाला तो परका पाहुणा म्हणून जेवला, आणि निघताना, रीतीप्रमाणे, यजमानांना स्वयंपाक छान झाल्याचं सांगितलं.

तंतू गालावर तसाच राहिला.