हळदीनंतर घेतलेली सायकल

नणंदेच्या मुलाची हळद होती. मांडवात डीजेच्या मागे भिंतीएवढा स्क्रीन लावला होता. नवरदेवाचे लहानपणीचे फोटो झाले, केळवणाचे व्हिडिओ झाले आणि एकदम स्क्रीनवर मी आले.

बदलापूरच्या मागच्या डोंगरातली उताराची वाट, सायकलवर मी. पुढचं चाक दोन दगडांच्या मध्ये जातं, मागचं उडतं आणि मी हँडलवरून थेट तोंडावर. हे एकदा दाखवून थांबले असते तर कदाचित मीही विसरले असते. पण ते हळू करून दाखवलं, उलटं फिरवून दाखवलं, शेवटी ढोलकीच्या ठेक्यावर मला पुन्हापुन्हा पाडलं. सगळा मांडव हसत होता. सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. माईक माझ्या धाकट्या दिराच्या हातात होता.

"आमच्या वहिनीसाठी जोरदार टाळ्या!"

व्हिडिओ त्याचाच. त्या रविवारी डोंगरावर मला तोच घेऊन गेला होता, सायकलही त्याचीच जुनी, फक्त पुढे शॉकअप असलेली. मी तोंडात माती घेऊन पडले होते आणि त्याने आधी शूटिंग पुरं केलं, मग मला उठवायला आला. तेव्हा ते लक्षात आलं होतं, पण घरातलाच माणूस म्हणून सोडून दिलं होतं. हळदीत मी सगळ्यांबरोबर हसले, दोन गाण्यांवर नाचलेही. परत येताना रिक्षात नवऱ्याला म्हटलं, "मी सायकल घेणार आहे."

"अगं, मस्करी केली त्याने. एवढं काय मनावर घेतेस?"

"घेतलंय मनावर. दोन्ही चाकांना शॉकअप असलेली घेणार. त्याच वाटेने त्याच्या आधी उतरणार."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला कळतं कधी गप्प बसायचं ते. त्याने रिक्षावाल्याला पुढे डावीकडे घ्यायला सांगितलं.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. सायकल म्हणजे माझ्यासाठी घर ते कामाची जागा, एवढंच. डोंगरावर चालवायच्या सायकलींतलं घरात फक्त दिराला कळायचं. म्हणून मी त्यालाच विचारलं, रविवारी, पापलेट वाढता वाढता, अगदी गोड आवाजात.

"फुल सस्पेन्शन?" तो हसला. "वहिनी, ती चढावर नुसती डुलते. पायडल मारायची अर्धी ताकद तीच खाते. तुला नाय झेपणार. तू ती पुढे बास्केटवाली घे ना, भाजी आणायला बरी."

मग काटे काढता काढता तो खूश होऊन सांगायला लागला. "मी माझ्यासाठी एक बघून ठेवलीय. चिखलोलीला नव्या बिल्डिंगमध्ये एक जण आहे, कॅनडाला चाललाय. सायकल एकदम टॉप. मी मुद्दाम फोन करत नाय. जायचा दिवस आला की झक मारत सोडेल कमी भावात."

मी त्याच्या ताटात अजून एक तुकडी वाढली.

आधी मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेले. दुकानदार सिंधी, बोलायला गोड. "दीदी, ये लो, डबल शॉकअप, लडके लोग यही लेते हैं." सीटखाली भली मोठी पिवळी स्प्रिंग होती. बसून दोन पायडल मारली तर झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटलं, आणि उचलून बघितली तर शिलाई मशीन उचलल्यासारखी जड. दिराने मला घाबरवायला सांगितलं होतं, पण ह्या सायकलीपुरतं तरी ते खरं होतं. मी नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून चिखलोलीला गेले. नव्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारलं, कॅनडाला जाणारे साहेब कुठे राहतात? त्याला लगेच कळलं. साहेबांनी सायकल पार्किंगमध्ये आणून दिली. तिच्याकडे बघितल्याबरोबर कळलं की दीर हिच्यासाठी इतके दिवस का दबा धरून बसलाय. स्प्रिंगच्या जागी हवेचा बारीक शॉक होता, रुंद टायर होते, आणि दोन बोटांनी उचलता येईल इतकी हलकी होती. स्पीडब्रेकरवरून गेले तर मागचं चाक मला न उडवता गुपचूप वर येऊन खाली गेलं.

पण माझे हात हँडलपर्यंत ताणले जात होते, आणि थांबले की पाय जेमतेम टेकत होते.

"ताई, ही तुम्हाला मोठी पडते," साहेब म्हणाले. माणूस सरळ होता. "उंच माणसाची साइज आहे."

म्हणजे माझ्या दिराची. खरं सांगते, तरीही मी ती घेणार होते. घरी नेऊन जिन्याखाली उभी करायची आणि रोज येता-जाता त्याचा चेहरा बघायचा. माझी भिशी नुकतीच लागली होती. पण बसल्या बसल्या डोळ्यांसमोर ते दोन दगड आले. हात एवढे ताणलेले असताना तिथे पुन्हा तोल गेला, तर त्याला दुसरा व्हिडिओ आयता मिळेल.

मी खाली उतरले. आमच्या कारखान्याच्या लॅबमध्ये एक जण आहे, दिरापेक्षाही उंच, कधीपासून अशीच सायकल शोधत होता. सोसायटीच्या गेटवरूनच त्याला फोन लावला. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तो चिखलोलीला गेला आणि सायकल घेऊनच घरी गेला.

रात्री मला शांत झोप लागली.

आता माझी सायकल. मी मेजरिंग टेप घेऊन डोंगरावर गेले आणि ज्या दगडाने मला पाडलं त्याची उंची मोजली. बाजूला बसून डबा खाल्ला. एवढे दिवस तो मला भिंतीसारखा आठवत होता. निघाला पाटापेक्षा थोडा उंच. बदलापूरच्या दुकानात दोन सायकली मागवता येत होत्या. एकीचे शॉक खूप दबणारे, दिसायला रुबाबदार. दुकानदाराचा तिच्यावर जोर होता. दुसरीचे कमी दबणारे, चढायला सोपी. दगड पाटाएवढा असेल तर रुबाबदार कशाला? शिवाय वर चढल्याशिवाय उतरणार कशी? मी दुसरी घेतली, सगळ्यात लहान साइजची.

सायकल आली तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, वजन सांगा. मागच्या शॉकमध्ये त्याप्रमाणे हवा भरायची." दुकानात चार माणसं उभी होती. मी खरं वजन सांगितलं. मशीनशी खोटं बोललं की ते उताराला सूड घेतं, आणि सूड घ्यायचा मान मला माझ्याकडेच ठेवायचा होता.

मग मी सुट्टीच्या दिवशी एकटी जायला लागले. पडलेही. ह्या वेळी बघायला कोणी नव्हतं. हळूहळू कळलं की दगड आला की ब्रेक सोडायचा, ढुंगण मागे न्यायचं आणि गुडघे मोकळे ठेवायचे.

पावसाळा संपून डोंगर सुकल्यावर मीच दिराला म्हटलं, "भाऊजी, येता का रविवारी?" लॅबवाल्यालाही बोलावलं होतं. पायथ्याशी तो आला तसा दीर त्याच्या सायकलीभोवती फिरायला लागला.

"ही चिखलोलीची ना?"

"हो," तो बिचारा भोळेपणाने म्हणाला. "मॅडमनी सांगितलं म्हणून मिळाली. नाहीतर मला कुठून कळणार?"

दिराने माझ्याकडे बघितलं. मी हेल्मेटचा पट्टा आवळत होते. तो पट्टा मी जरा सावकाशच आवळला.

वरून आधी मी निघाले. दगड आले, ब्रेक सोडला. पुढचं चाक दबलं, मागचं दबलं, आणि मी पलीकडे गेलेसुद्धा. एवढंच. खाली थांबून मागे बघितलं. लॅबवाला सरसर उतरला. दीर त्याच्या त्याच जुन्या सायकलवर दगडांपाशी थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि सायकलवरून उतरून ती हाताने धरून चालत खाली यायला लागला.

"सांभाळून हं भाऊजी," मी ओरडले, मागे चढून येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "डाव्या बाजूने या. तिथे घसरतं."

तो बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. सासूबाई म्हणाल्या, "एवढा डूख धरू नये गं." मी म्हटलं, "तुम्ही हसला होतात." त्या आत गेल्या.

"झालं समाधान?" नवऱ्याने विचारलं. मी विचार केला आणि नाही म्हणाले. खरंच झालं नव्हतं.

गेल्या महिन्यात दिराने शेवटी स्वतःला नवी फुल सस्पेन्शन घेतली. शॉकमध्ये हवा भरायचा छोटा पंप घेऊन तो खाली अंगणात बसला होता. मला खिडकीत बघून म्हणाला, "वहिनी, किती हवा भरू गं?"

"मला काय कळतंय भाऊजी? दुकानदाराला विचारा."

तो मान खाली घालून भरत राहिला, मग सायकलवर बसून बघितलं. जास्त झाली होती, मला वरूनही दिसत होतं. बसल्यावर शॉक थोडा तरी दबायला हवा, तो तसूभरही हलत नव्हता. मी कुकर लावायला आत गेले.