माणिकप्पा मास्तरांची घंटा

निरोपाच्या सभेत वाचायला माणिकप्पा मास्तरांचं चरित्र लिहून दे, असं मला घरातून सांगितलं होतं. "तू रोज वहीत लिहितीस. दोन पानं चांगली लिही की," आमचे यजमान, बंडप्पा मालक, म्हणाले. मी लिहिलं नाही. आता मास्तर बढती घेऊन नळदुर्गला गेलेत, आमच्या जळकोटातले हारही सुकलेत. आज शिवपूजा आटोपून बसले आहे. चांगलं लिहायचं बंधन आता नाही.

मास्तर मूळचे तेरचे, वडिलांचा तेलाचा घाणा. लहानपणी शाळेत त्यांना इतकं मारलं, की डाव्या हाताचं मधलं बोट कायमचं वाकडं झालं. ते बोट दाखवून ते सगळ्यांना सांगत, "मी शपथ घेतलीय. माझ्या शाळेत मार न्हाय." हे खरं आहे, म्हणून आधी लिहिते.

मग सरकारनं त्यांना हैदराबादेला शिकवायला शिकण्यासाठी वर्षभर पाठवलं. परत आले ते एका बगलेत उर्दूतलं जाडजूड पुस्तक आणि दुसऱ्या हातात पितळी घंटा घेऊन. आमच्या ओट्यावर बसून मालकांना समजावून सांगू लागले, "एका परदेशी साहेबानं कुत्र्याला दर खेपेला आधी घंटा वाजवून मग खायला दिलं, बंडप्पा. पुढं पुढं नुसती घंटा वाजली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. शिकणं म्हंजे हेच! एकाची दुसऱ्याशी जोड लागली, की झालं."

मी आतून भाकरी थापता थापता विचारलं, "मग मास्तर, तुम्ही पोरांना घंटा वाजवून भाकरी देणार व्हय?"

ते हसले. "अक्का, चाळीस पोरांना भाकरी कुठनं आणू?"

भाकरी परवडली नाही, म्हणून त्यांनी छडी घेतली. पोरगं चुकलं, की घंटा. घंटा वाजली, की त्यानं हात पुढं करायचा आणि दोन छड्या खायच्या. असे दोन महिने. "जोड रुजवायला लागतंय तेवढं," म्हणायचे. नंतर छडी खुंटीला गेली. नुसती घंटा वाजली तरी वर्ग चिडीचूप. मास्तर फळ्यावर रोज लिहायचे, 'छडीविना दिवस' आणि पुढं आकडा. तपासणीला आलेले शाळाखात्याचे नाझरसाहेब तो आकडा बघून खूश झाले. सारा गाव म्हणायचा, काय मास्तर मिळालाय! मीही म्हणायची. माझी शिवकांता, आठ वर्षांची, त्याच वर्गात होती.

श्रावणातला सोमवार होता, शाळा भरायच्या आधीची वेळ. आमचे जंगम, वीरभद्र स्वामी, भिक्षेला आले. स्वामी सत्तरीचे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनीच मला ताटात विभूती पसरून अक्षरं गिरवायला शिकवलं. त्यांची घंटा वाजली, की शिवकांता तीन वर्षांची असल्यापासून पिठाची वाटी घेऊन धावायची. त्या दिवशी धावली नाही. वाटी घेऊन उंबऱ्यात थिजली.

"अगं, घाल की झोळीत," मी म्हणाले.

स्वामींनी लाडानं पुन्हा घंटा वाजवली. तिनं वाटी खाली ठेवली, डोळे मिटले आणि उताणा हात स्वामींपुढं धरला.

माझ्या अंगाची आग झाली. दारात जंगम भिक्षेला उभा, आणि माझी लेक त्याच्याच पुढं हात पसरते! मला एवढंच कळलं. मी त्या हातावर जोरात फटका मारला.

तिनं हात मागं घेतला नाही. डोळे मिटूनच म्हणाली, "अव्वा, दुसरी कधी?"

मास्तरांनी छडी खुंटीला टांगली होती. त्यांचा धडा मी माझ्या उंबऱ्यावर पुरा केला. शिव मला क्षमा करो.

डोक्यावर पदर घेऊन, शिवकांताला संगं घेऊन तशीच शाळेत गेले. वाटेत शेजारची अजीजाबी भेटली, तिचा पोरगा त्याच वर्गात. तिला सांगितलं, तर म्हणाली, "मेरा जाफर बी नींदमें हात पसारता, बहन. मैं समजी, पानी मांगता." तीही माझ्यासंगं निघाली.

मास्तरांना म्हटलं, "वाजवा घंटा."

त्यांनी अभिमानानं वाजवली. चाळीस हात पुढं आले, माझ्याजवळच्या शिवकांताचाही.

"पाहिलंत? एकाला तरी हात लावला का मी?"

"माझी पोरगी कुत्रं हाय व्हय, मास्तर? कुत्र्याला तरी भाकरी मिळाली."

"अक्का, हे शास्त्र हाय. तुमाला न्हाय कळायचं. पोरीला काढून न्याल, तर अडाणी राहील."

"माझ्याजवळ राहील," असं म्हणून मी शिवकांताचं बोट धरलं. अजीजाबीला जाफरला काढता आलं नाही. त्याच्या बापाला पोरगा पुढं सरकारी दफ्तरात नोकरीला चिकटवायचा होता.

घरी मी तिला ताटात विभूती पसरून शिकवू लागले. अक्षरं येत होती. पण रस्त्यानं कुठंही घंटा वाजली, की हात पुढं. स्वामींना सगळं सांगितलं. दुसऱ्या सोमवारी ते घंटेविनाच आले. जंगमानं घंटा सोडली म्हणून लोक कुजबुजले. स्वामींनी कान दिले नाहीत. कार्तिकात त्यांनी घंटा आणली, पण वाजू नये म्हणून आतल्या लोळीला फडकं गुंडाळून, आणि नुसती ओट्यावर ठेवून दिली. शिवकांता लांब बसायची. मग जवळ बसू लागली. एकदा तिनंच फडकं सोडलं. संक्रांतीला तिनं स्वतः घंटा उचलली, एकदा वाजवली, आपल्याच हाताकडं बघत राहिली, आणि मग वाटी घेऊन स्वामींच्या झोळीत पीठ घातलं. स्वामींनी डोळे पुसले.

हे मास्तरांच्या कानावर गेलं. ओट्यावर येऊन म्हणाले, "बघा! माझंच शास्त्र! जुनी जोड तोडली, नवी लावली. मी टाचणात लिहून हैदराबादेला पाठवतो."

"लिहा," मी म्हणाले. "माझ्या हातचा फटकाबी लिहा. आन् चाळीस पोरांपैकी एकच सुटली, हेबी लिहा."

ते वहाणा घालून चालू लागले. नंतर पाठवलं ते माझं बोलणं गाळून. त्यावरच बढती मिळाली म्हणतात.

निरोपाला सारा गाव जमला होता. मास्तरांनी पाहुण्यांना दाखवायला शेवटची घंटा वाजवली. रांगेतले हात सटासट पुढं आले, जाफरचाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. शिवकांता माझ्याजवळ उभी होती. तिचा उजवा हात अर्धा वर आला. मी तो धरला नाही. हात वळला आणि तिनं माझा पदर मुठीत पकडला.

मालकांनी माझ्यापुढं हार धरला. मी तो मास्तरांना घातला नाही.