दोन देश, तीन सीट

अंधेरीच्या हॉटेलातून निघाले तेव्हा माझ्या ताब्यात चक्क दोन देश होते! एक लैला, एक जोसेफ. दोघंही हिंदी महासागरातल्या इवल्याशा बेटांवर कचऱ्याचं खातं सांभाळणारे. देशांची नावं सांगून उपयोग नाही, नकाशावर बोट ठेवलं की देशच झाकले जातात. कचऱ्यावरच्या परिषदेत पाहुण्यांची बडदास्त माझ्याकडे होती. त्यांना दिवसभर फिरवायचं आणि संध्याकाळच्या बैठकीला धडधाकट परत आणायचं, एवढंच काम.

पण दोघं एकमेकांशी बोलत नव्हते ना!

बेटांवरचं भंगार आणि प्लास्टिक न्यायला एक जहाज मिळत होतं, पण पूर्ण भरणार असेल तरच. एका बेटाच्या कचऱ्याने ते भरत नाही, तीन शेजारी देश एकत्र आले तर भरतं. तिसरा म्हणत होता, आधी तुम्ही दोघं ठरवा. आणि हे दोघं अडले होते जहाज आधी कुणाकडे लागणार यावर.

"शेवटच्याला जागाच उरणार नाही," लैला मेट्रोत मला म्हणाली. (सगळं इंग्रजीत चाललं होतं, मी मराठीत सांगतेय.) "आमचा ढीग शाळेच्या भिंतीला टेकलाय. माझी मुलगी त्याच शाळेत आहे गं."

संध्याकाळपर्यंत होकार नाही दिला, तर जहाज दुसरीकडे जाणार होतं.

म्हटलं, बेटावरची माणसं, आधी समुद्र दाखवू. वर्सोव्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीने मढला निघालो. बोटीत बसताच दोघांचे चेहरे खुलले, पण तोंडं दोन दिशांना!

मढला माझ्या नेहमीच्या मासेवाल्या मंदाताईंकडे गेलो. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते आणि शेजारी जाळ्यात आलेल्या प्लास्टिकची पोती होती. "हल्ली मासे कमी नि पिशव्याच जास्त," ताई म्हणाल्या. लैलाने पोत्यातून एक चप्पल उपसली. "ही आमच्याकडचीच असणार!" जोसेफ पहिल्यांदा हसला. मग तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण आलं. त्याचं नाक लाल, डोळ्यांतून धारा, आणि तरी ताट पुढे करून "अजून!"

या हादडण्यात उशीर झाला. वाट लागली! परतीच्या बोटीतून उतरून धावतच शेअर रिक्षा गाठली. आत एक बाई मांडीवर टोपली घेऊन बसल्या होत्या. "दोन सीट! दोन सीट!" रिक्षावाला ओरडत होता. (सीट म्हणजे एका माणसाची जागा. तिन्ही भरल्याशिवाय ही रिक्षा हलत नाही.) आम्ही तिघं. मी दोन्ही देश आत कोंबले, "मेट्रो स्टेशन!" म्हणून ओरडले आणि रिक्षा गेलीसुद्धा. मग आठवलं, दोघांचे फोन माझ्या पिशवीत चार्जिंगला! अगं बाई, दोन देश हरवले माझ्याकडून!

माझ्या रिक्षेला तिसरी सीट मिळता मिळेना. जीव नुसता टांगणीला. शेवटी कशीबशी पोचले, तर दोघं स्टेशनच्या पायऱ्यांवर बसून खिदळत होते.

झालं असं, की जोसेफ ऐसपैस बसला होता. टोपलीवाल्या बाईंनी त्याला कोपराने ढोसलं आणि लैलाकडे बोट दाखवलं. "ए दादा, सरक ना! तिची सीट आहे ती!" भाषा कळली नाही, कोपर बरोबर कळलं.

"इथे कोण आधी चढला, कोण नंतर, काही फरकच पडत नाही," लैला म्हणाली.

"जहाजातही आधीच रेषा मारू," जोसेफ म्हणाला. "तीन जागा. शेवटच्याची जागा शेवटपर्यंत रिकामी."

मी दोघांना भर रस्त्यात मिठी मारली. एवढा आनंद मला माझ्या निकालालासुद्धा झाला नव्हता!

बैठकीच्या दारातूनच लैला मराठीत ओरडली, "दोन सीट!" साहेबलोक बघतच राहिले. मला हसू आवरेना, समजावणार काय कपाळ!

जहाजाला तिघांचा होकार कळवून पाहुणे गेले, मी बोरिवलीला घरी आले. काही महिन्यांनी स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसले होते, तेवढ्यात फोनवर फोटो आला. शाळेची भिंत, जमिनीपासून वरपर्यंत नुसती भिंत, आणि तिला पाठ टेकून उभी लैलाची मुलगी. खाली लिहिलं होतं, 'तिसरी सीट भरली. सुटलो!'

माझे डोळे भरून आले. शेजारचे काका ऐसपैस पसरले होते.

"काका, सरका ना जरा," मी म्हटलं, आणि एकटीच हसत सुटले.