आधी खाकरा, मग या

आमच्या दारात कोणीही आलं की बायको आतूनच ओरडायची, "आधी खाकरा, मग या!" नवखा माणूस असला तर, "पावणं, खाकरा की!" गल्लीत तिला दचकी म्हणत. मीही म्हणायचो. आता ती राहिली नाही म्हणून गोड गोड लिहायचं, ते मला जमणार नाही.

तिचं दचकणं तुमच्या-आमच्यासारखं नव्हतं. मागून हाक आली, ताट पडलं, की अंग लाकडासारखं ताठ व्हायचं आणि उभीच्या उभी खाली. पडताना माणूस हात पुढं टाकतो. तिचे हात अंगालाच चिकटलेले. कपाळावर टाक्यांच्या तीन खुणा होत्या. शुद्ध मात्र कधी गेली नाही. फरशीवर पडूनच आम्हाला सांगायची, "वडू नका मला. सुटतंय हळूहळू."

मी फौंड्रीतला माणूस. आवाज मोठा आणि दुसऱ्याचं ऐकायची सवय नाही. ती माझ्या मामाचीच पोरगी, लाडात वाढलेली, म्हणून मला वाटायचं नाटक करते. कुणीतरी सांगितलं, भीती एकदा मोडली की कायमची जाते. एका दिवाळीत मी तिच्या पाठीमागं सुतळी बॉम्ब लावला. तीनपैकी एक खूण त्याची. टाके घालून घरी आणताना रिक्षात म्हणाली, "आवो, मला भ्या वाटत न्हाय. भ्या मागनं येतंय. अंग आधी जातंय." मी म्हटलं, "गप बस."

मामाची पोरगी असताना बाहेर कशाला बघायचं, ही आमची रीत. मुलालाही तिच्या भावाचीच पोरगी केली. त्यांना मुलगी झाली. बारशाला आत्यानं, म्हणजे माझ्या लेकीनं, कानात नाव सांगितलं, बायकांनी कुर्रर्र करून आत्याच्या पाठीत धपाटे घातले आणि तेवढ्यात बाळ फळीसारखं ताठ झालं. ओठ निळे पडले. कोणी म्हणे पाणी मारा, कोणी म्हणे जोतिबाचा गुलाल लावा. दचकीनं सगळ्यांना कोपरानं ढकललं. बाळाची मान छातीकडं वाकवली, गुडघे पोटाशी घेतले, कापडाची घडी करावी तशी घडी केली. बाळ सैल पडलं आणि रडलं. सुनेला म्हणाली, "शिकून घे. माझ्या आईनं मला अशीच घड्या घालून जगवलीया."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर बोटानं हळूच टिचकी मारली. मान मागं उडाली. मग आजीच्या नाकावर मारली. तिचीही उडाली. दोघींचं रक्त तपासायला गेलं.

कागद आल्यावर बाईंनी मला समजेल असं सांगितलं. नसांमधून अंगाला हल म्हणणारा निरोप जातो, तसा गप राहा म्हणणाराही जातो. त्या दुसऱ्या निरोपाला ग्लायसीन म्हणतात. तो झेलणारी कडी पाच तुकडे जोडून होते. त्यातला एक तुकडा कसा घडवायचा, ते जीएलआरबी नावाच्या जीनमध्ये असतं. आई आणि बाप दोघांकडूनही तो बिघडलेला आला की अंगाला गप म्हणणारं कोणी धड उरत नाही. नात्यात लग्नं झाली की असं जुळून येण्याचा संभव वाढतो.

बायको रडली नाही. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "ऐकलासा न्हवं?"

गोळी दोघींना लिहून दिली होती. फिटवर देतात तीच. बाळाची सुरू झाली आणि महिन्याभरात ते हाताखांद्यावर मोकळं खेळायला लागलं. हिची मी थांबवली. म्हटलं, "साठ वर्षं काढलीस की तशीच. आता फिटची गोळी खाल्लीस तर लोक म्हणतील, डोक्याची हाय." ती म्हणाली, "बरं. पोरीची तेवढी चुकवू नका."

चार महिन्यांनी ती मागच्या दाराच्या पायऱ्या उतरत होती. बोळात भाजीवाल्याचा भोंगा एकदम वाजला. खाली दगडी फरशी होती. ह्या खेपेला सुटलं नाही.

उत्तरकार्याच्या दिवशी पंगत बसायच्या आधी मेव्हणा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, भरलंच हुतं तिचं. आपल्या हातात काय हाय?" एरवी मी मान डोलावली असती. त्या दिवशी म्हटलं, "भरलं नव्हतं. गोळी हुती. मी नको म्हटलं." सगळे पाहुणे ऐकत होते. मेव्हण्यानं हात काढून घेतला. वाढपी पण थांबले.

तेवढ्यात सून आतून आली. ज्या आत्याच्या मी जिवावर उठलो, तिची ही भाची. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, चमच्यात विरघळवलेली गोळी माझ्या हातात दिली आणि आत गेली. तिला आत काम होतं की तिनं मला माफ केलं, हे मी अजून विचारलेलं नाही.