गच्चीवरची दोरी

आमचा मामा बंदरावरच्या पोलिसांत जमादार. चाचे मालवाहू जहाजं लुटू लागले, तेव्हा जहाजांवर पहारेकरी चढवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. माणसं मोजकीच. एक तुकडी परतून दम घेईपर्यंत सुटणारी जहाजं पहाऱ्याविनाच जात, म्हणून ती परतल्याचं चाच्यांना कळू नये यासाठी मामा तिला बंद गाडीतून गुपचूप आणायचा. तरी चाचे नेमकं बिनपहाऱ्याचं जहाज गाठत.

मुळातच तो महासंशयी. मामी म्हणायची, "आरशात बघतानासुद्धा हे विचारतील, कोण आपण?" दार वाजलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुणी पाठवलं?"

आधी त्याने धोब्यावर खापर फोडलं. वर्द्या धुवायला आल्या की तुकडी परतल्याचं त्याला कळतं ना! मग वर्द्या बराकीतच धुवायच्या आणि गच्चीवर वाळत घालायच्या, असा हुकूम सुटला. लूट थांबेना. मग चहावाला बंद झाला. शेवटी नजर वळली ती जावयावर. तोही तुकडीतला, आणि एका कोळ्याशी त्याची दोस्ती. मामाने त्याला निलंबित करवलं, चौकशी लावली. नोकरीवरच गदा आली. मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, आता आमच्याकडे येऊ नका."

जावई घरी बसला तरी लूट चालूच. मामा चिडून मला सोबत घेऊन स्वतःच लाँचमधून पाहणीला निघाला. बंदराबाहेर पडताच लाँचवाला सहज बोलला, "साहेब, आज तुमची पोरं घरी दिसतात."

मामाने त्याचा हातच धरला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? ती बघा ना, दोरी भरलीय."

मामाने मागे पाहिलं. बराकीच्या गच्चीवर सगळ्या वर्द्या वाऱ्यावर हलत होत्या. समुद्रातून कुणालाही दिसाव्यात अशा; आधी धोबीही त्या किनाऱ्यावरच वाळत घालायचा. मला त्याची कीव आली आणि रागही आला. पोरीचा संसार उधळायला निघाला होता हा माणूस!

त्याने वरच्या साहेबांसमोर चूक कबूल केली, जावयाला परत घेतलं गेलं. मग तो मुलीकडे गेला. मी सोबत होतो. तिने साखळी न काढताच दार किलकिलं केलं.

"चुकलो गं. ती दोरी मीच बांधायला लावली होती. जावयाचा काही दोष नाही."

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "कुणी पाठवलं तुम्हाला?"

मामाने चपला काढून दाराबाहेर ठेवल्या. आणि साखळी काढायला तिने फार वेळ लावला.