गिरणीतला अंधारा कोपरा

खडूने आखलेल्या रेषेपाशी मंदावहिनी थांबल्या.

"इथं काय व्हणार?"

"स्टोअर रूम," मी म्हणाले.

त्यांचे दीर दत्ताभाऊ घाईने पुढे आले. "भिंत घालून बंदच करायचाय तो कोपरा. वहिनी, तुमी नका येऊ इकडं."

ओतूरजवळची ही त्यांच्या घरची जुनी भातगिरणी, कित्येक वर्षं बंद. लेण्याद्रीला येणारी माणसं जेवायला थांबतील, म्हणून दत्ताभाऊंनी तिथे रेस्टॉरंट काढायचं ठरवलं. दोन हजार सालानंतरचा काळ. मंचरला माझं इंटिरियर डिझाइनचं छोटं ऑफिस होतं, काम माझ्याकडे आलं. किचन मंदावहिनी सांभाळणार होत्या.

वहिनी रेषा ओलांडून आत गेल्या. "ह्यांचा सदरा इथंच पट्ट्यात अडकला आन हे गेले," त्या मला म्हणाल्या. इंजिन फिरलं की पट्ट्यावर भात कांडायचं मशीन फिरायचं. पट्ट्याला जाळी नव्हती. "लई अंधार व्हता. भर दुपारी बी दिसायचं न्हाई."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"मला किचन इथंच पायजे," वहिनी म्हणाल्या. "आन ह्या भिंतीत मोठी खिडकी."

"न्हाई जमणार, वहिनी." दत्ताभाऊ म्हणाले. "तुमाला इथं उभं राहिलेलं मला बघवायचं न्हाई."

"मग नका बघू, भाऊजी. कोपरा झाकला म्हणून काय झालं? माझी नजर रोज त्या भिंतीवरच जाईल."

दत्ताभाऊ बाहेर निघून गेले.

अडचण खरीच होती. भिंत जाड दगडाची. छपराची कैची, म्हणजे पत्रे पेलणारा लोखंडी त्रिकोण, नेमकी तिथेच टेकलेली. दगड काढले तर छप्पर खाली येणार. मी ओळखीचे स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावले.

"मॅडम, ही जागा सोडून कुठंही खिडकी सांगा."

"क्लायंटला इथेच हवी आहे."

"का पण?"

मी कारण सांगितलं. त्यांनी पुन्हा टेप काढली.

कैचीखाली लोखंडी टेकू उभे केले. आधी बाहेरच्या बाजूने अर्ध्या जाडीचे दगड काढून वरचा भार पेलणारा गर्डर बसवायचा, तो पक्का झाला की आतून तसंच. पहिला दगड सुटला तेव्हा वरून चुन्याची माती भसाभसा गळली. कैची करकरली. गवंड्याने हात थांबवला. सगळे वर बघत राहिले. कैची हलली नाही.

दोन्ही गर्डर बसल्यावर खालचे दगड पाडले. ऊन थेट फरशीपर्यंत आलं. दत्ताभाऊ दारात उभे होते. ते आत आले, वहिनींच्या शेजारी उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले. वहिनी रडल्या नाहीत. "शेगडी इथं ठेवा," एवढंच मला म्हणाल्या.

रेस्टॉरंट ठरल्यापेक्षा उशिरा सुरू झालं, पण चाललं. दत्ताभाऊ बरेच दिवस किचनमध्ये पाऊल टाकत नसत. पुढे सकाळचा चहा तिथेच उभ्याने घेऊ लागले.

किचनला शिल्लक उरलेली जागा द्यायची, अशी आमच्या धंद्यात पद्धत आहे. मी मात्र तेव्हापासून किचन आधी आखते. गिऱ्हाईक तासाभराने उठून जातं. किचनमधल्या माणसाचा अख्खा दिवस तिथे जातो.