आकाशपाळण्यातला प्रश्न

"सोपा प्रश्न आहे. नीट विचार कर," असं म्हणून ते चष्मा काढायचे आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसायचे. चष्मा पुसून होईपर्यंत उत्तर आलं पाहिजे, असा दंडक. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा माणूस असेलच, ज्याच्या दारावरून आपण चपला न वाजवता जातो. आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमध्ये ते होते. पोरं त्यांना पाठीमागे 'प्रश्नपत्रिका' म्हणायची. मी मात्र 'मंजूचे बाबा' म्हणायचे, कारण आमची दारं समोरासमोर आणि विरजण मला त्यांच्याकडूनच आणावं लागायचं.

मंजू त्यांची एकुलती एक. पाचवीत असताना वर्गात बाई तिला म्हणाल्या, "फार प्रश्न विचारतेस. गप्प बस." झालं! दुसऱ्या दिवशी हे ऑफिसला दांडी मारून शाळेत गेले आणि दाखला घेऊनच परतले. "जिथे प्रश्नांना बंदी, तिथे माझी मुलगी शिकणार नाही. मी शिकवीन घरी!" आम्हाला वाटलं, माणूस कामातून गेला. ऐंशीचं दशक ते. मुलं एक तर शाळेत असायची, नाही तर आजारी. तिसरा प्रकार आम्ही पाहिलाच नव्हता.

आता गंमत बघा. घरची शाळा सुरू झाली आणि प्रश्न विचारायचं सगळं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. मंजूच्या वाट्याला फक्त उत्तरं उरली.

खाडीपलीकडे तेव्हा नुकताच खेळण्यांचा मोठा पार्क झाला होता. लोक सुट्टीत तिथे किंचाळायला जायचे, हे शिकवायला जायचे. होडीत बसलं की भरती-ओहोटी, तिकिटाच्या रांगेत गुणाकार, घसरगुंडीवर घर्षण. एका दिवाळीत हौसेने मीही त्यांच्याबरोबर गेले. मंजू गरगर फिरणाऱ्या कपात बसून उतरली. पोरीला धड उभं राहवेना आणि हे विचारतात, "बाहेर फेकल्यासारखं का वाटलं? सोपा प्रश्न आहे."

"बाबा, मला उलटी येतेय."

"ते नंतर. आधी कारण सांग."

त्यांची बायको माझ्या कानात म्हणाली, "लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो ना, तिथे एक पॉइंट दाखवला नाही मेला. हॉटेलात बसून मला विचारलं, हे ठिकाण समुद्रसपाटीपासून किती उंच?"

स्वतः ते एकाही खेळण्यात बसायचे नाहीत. "निरीक्षण खालूनच नीट होतं," म्हणायचे. निरीक्षण कसलं डोंबलाचं! तिसऱ्या मजल्यावरच्या स्वतःच्या गॅलरीत हा माणूस कधी कठड्याजवळ गेला नाही. उंचीला टरकायचे, दुसरं काय.

मंजू हुशार झाली, त्यात वाद नाही. पण संध्याकाळी खाली लंगडी खेळताना मुली शाळेच्या गप्पा मारायच्या. कुणी कुणाचा डबा खाल्ला, गॅदरिंगला कोळीण कोण होणार. तेव्हा ही नुसती ऐकत उभी. एकदा मला विरजण द्यायला आली आणि दारातच रडायला लागली. "काकू, मला शाळेत जायचंय. बाबांना सांगितलं तर ते कारणं द्या म्हणतात." मी तशीच उठले आणि समोर जाऊन त्यांच्याशी बोलले. त्यांनी चष्मा काढला. "वहिनी, शाळेत असं काय मिळतं जे मी देत नाही? सोपा प्रश्न आहे." चष्मा पुसून झाला आणि मी मेली नापास होऊन घरी आले.

मे महिन्यात पुन्हा पार्कात गेलो तेव्हा मंजूनेच डाव टाकला. आकाशपाळण्याखाली उभी राहून म्हणाली, "बाबा, आज परीक्षा तुमची. माझ्याबरोबर वर बसायचं आणि खाली येईपर्यंत मला एक तरी प्रश्न विचारायचा. विचारलात तर मी कायम घरी शिकेन, पुन्हा शाळेचं नाव नाही काढणार. नाही विचारलात, तर जूनपासून शाळा."

"अगं ए, भलतं काय! त्यांना चक्कर येईल," तिची आई म्हणाली.

त्यांनी मान वर करून तो पाळणा पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चल," म्हणाले.

आम्ही दोघी पिशव्या सांभाळत खाली. पाळणा वर जायला लागला तसा त्यांच्या बायकोने माझा दंड असा आवळला की वळ उठले. तिला नवऱ्याची काळजी, मला पोरीची. मी चक्क देवाला सांगितलं, बाबा रे, एवढा वेळ या माणसाची वाचा बंद ठेव.

उतरले ते पांढरेफटक. मंजू उड्या मारत पुढे आली. "काकू, बाबांनी काहीच नाही विचारलं! एकदम गप्प! बाबा हरले!"

"हरलो," ते म्हणाले आणि बाकावर बसून घटाघटा पाणी प्यायले.

शब्दाचे पक्के. जूनमध्ये स्वतः जाऊन दुसऱ्या शाळेत तिचं नाव घातलं. "प्रश्नपत्रिकेची वाट लागली," म्हणून पोरं खूश. पहिल्या दिवशी मंजू गेली आणि मी वाटी परत द्यायला गेले, तर हे रजा काढून दारासमोर खुर्ची टाकून बसलेले.

"वहिनी, मंजूला सांगू नका, पैज मोडेल. वर गेल्यावर प्रश्न सुचला होता मला."

"मग विचारला का नाही?"

"पोर हसत होती हो. मी काहीच विचारत नाही म्हणून एवढी हसत होती."

"कसला प्रश्न? गुरुत्वाकर्षणाचा?"

चष्मा पुसता पुसता ते म्हणाले, "शाळेत गेलीस की तुला माझी आठवण येईल का?"

गेल्या वर्षी ते गेले. मंजू घर आवरायला आली होती, तिच्याही डोक्यात आता पांढरे केस आहेत. माझ्याकडे चहाला बसली. "बाबा उंचीला काय घाबरायचे ना काकू! पाळण्यात शब्द फुटला नव्हता तोंडातून."

इतकी वर्षं मी तोंड शिवून होते. आता कसली पैज? सांगून टाकलं.

तिने चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने कितीतरी वेळ पुसत राहिली.

"सोपा प्रश्न होता हो, काकू."